मराठीत अठ्ठ्याहत्तर

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी शाळेच्या शिपायानं एक फाईल आणून काकासाहेबाच्या ओसरीवर ठेवली, आणि आत पुरण वाटणाऱ्या बायकांचे हात थांबले.

फाईल काकासाहेबाच्या मुलीची, शिवकन्येची होती. दहावीच्या परीक्षेत तिला जास्तीचा वेळ मिळावा, ती तोंडानं सांगेल ते लिहून घ्यायला लेखनिक मिळावा, शुद्धलेखनाच्या चुकांचे मार्क कापू नयेत, असा तो प्रस्ताव होता. मुंबईच्या सरकारी दवाखान्याचा दाखला त्याला जोडलेला होता, सरकारच्या जीआरची झेरॉक्स होती, आणि सगळ्यात खाली मुख्याध्यापकाच्या सहीसाठी जागा सोडलेली होती. मुख्याध्यापक म्हणजे बद्रीनाथ, काकासाहेबाचे सख्खे थोरले भाऊ. त्यांनी सहीच्या जागी पेन्सिलीनं काहीतरी लिहून कागद परत धाडला होता.

"काय लिव्हलंय दादानं?" काकासाहेबानं बायकोला विचारलं.

नंदाबाईनं पुरणाचे हात पुसले, फाईल उजेडाला धरली. "'शाळेच्या शिस्तीत बसत नाही. परत.'"

"आन् बोर्डात कधी द्यायचंय?"

"उद्या. औरंगाबादला नेऊन द्यायचंय. चार दिवसांपासून सांगून राह्यले मी तुम्हाला."

बायकोकडून वाचून घ्यायची काकासाहेबाची रीत पंचक्रोशीत नावाजलेली होती. रोज सकाळी ओसरीवर चार माणसं जमत आणि नंदाबाई मोठ्यानं पेपर वाची. "बाईमाणसाचा आवाज चार भिंतींत का कोंडायचा? वाच नंदा, ऐकू दे गावाला," असं काकासाहेब म्हणे. ह्या एका वाक्यावर तो स्त्रीशिक्षणाचा कैवारी ठरला होता. तालुक्याच्या महिला मेळाव्यात त्याला शाल-नारळ मिळाला होता. खरी गोष्ट एवढीच होती, की त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं.

अगदीच येत नव्हतं असं नाही. एसटीची पाटी, दुकानाचा बोर्ड, स्वतःची सही, इतकं जमे. पण अक्षरं ओळीनं आली की ती बाजारातल्या शेळ्यांसारखी वागत. एकीला धरावं तर दुसरी दावं तोडून पळे. 'घर' आणि 'धर' ह्यांतला फरक त्याला बेचाळिसाव्या वर्षीही पुढच्या शब्दाचा अंदाज घेऊनच कळे. जाफराबादच्या त्याच्या बी-बियाण्याच्या दुकानात तो पाकिटं रंगावरून ओळखे. एखाद्या कंपनीनं पाकिटाचा रंग बदलला की त्याचं अर्धं शिक्षण वाया जाई.

आणि असा हा माणूस गावच्या शिक्षण संस्थेचा अध्यक्ष होता. शाळेच्या निबंध स्पर्धेचा निकालही तोच देई. सगळे निबंध गंभीर चेहऱ्यानं पुढंमागं करायचे, आणि ज्याचा कागद सगळ्यात काळा दिसेल त्याला पहिला नंबर द्यायचा. आजवर कोणी तक्रार केली नव्हती. उलट 'अध्यक्षांची पारख' असं लोक कौतुकानं म्हणत.

ह्या सगळ्या थाटामाटाचं मूळ एक्क्याऐंशी सालात होतं. दहावीचे बाकीचे विषय काकासाहेबानं ओढूनताणून पस्तिशीपार नेले होते. गणित तर त्याला चांगलं येई. इंग्रजीत अख्खं गावच कच्चं, त्यामुळे त्याचं कच्चेपण त्यात झाकून गेलं. अडला तो मराठीत. एकदा एकोणीस मार्क, दुसऱ्यांदा बावीस. जन्मल्यापासून जी भाषा बोलतो, जिच्यात शिव्या देतो, भजनं म्हणतो, सभा गाजवतो, तिच्यातच हा गडी दोनदा आपटला. तिसऱ्या खेपेला वडील रखमाजी थोरल्याच्या पुढ्यात बसले आणि डोक्यावरचा पटका काढून त्याच्या पायावर ठेवला. बद्रीनाथ तेव्हा नुकते मास्तर झाले होते. चेहऱ्यानं दोघं भाऊ सारखे, परीक्षेचं केंद्र लांबच्या गावात. मराठीच्या पेपरला काकासाहेबाच्या नावानं बद्रीनाथ जाऊन बसले.

दादांनी नुसतं पास करावं की नाही? पण मास्तर माणूस. चुकीचं लिहायला हात वळेना. मराठीत अठ्ठ्याहत्तर मार्क पडले. शाळेच्या आजवरच्या इतिहासात इतके कोणाला पडले नव्हते. गावानं काकासाहेबाला हलगीच्या तालावर चावडीवर नेलं, हार घातला, फोटो काढला. फोटोत त्याची मान खाली होती. लोक म्हणाले, पोरगं नम्र आहे. "दोन शब्द बोल" म्हणाल्यावर तो वीस मिनिटं बोलला, कारण बोलणं त्याला खरोखरच येत होतं. तिथून जो घसरला तो थेट अध्यक्षाच्या खुर्चीत जाऊन पडला.

दुपारी बाराच्या सुमारास बद्रीनाथ दादा आणि सगुणाबाई वहिनी जेवायला आले. महालक्ष्म्या काकासाहेबाकडे बसत, कारण माय, गोजरबाई, त्याच्याकडे राहत होती. नैवेद्य व्हायला अवकाश होता. दादा ओसरीवरच्या खुर्चीत बसले आणि फाईल समोरच्या स्टुलावर असूनही नसल्यासारखी करून सोयाबीनवरच्या अळीची चौकशी करू लागले. काकासाहेबही अळीबद्दल उत्साहानं बोलू लागला. अळी संपली तेव्हा दारात सत्यशीला मॅडम उभ्या होत्या.

सत्यशीला खरात शाळेत तीन वर्षांच्या करारावर शिक्षणसेविका होत्या. तो करार जूनमध्ये संपणार होता. पुढं त्यांना कायम करायचं की नाही, हे ह्या ओसरीवर बसलेल्या दोन भावांच्या सह्यांवर होतं, आणि त्यांना ते चांगलं ठाऊक होतं. शिवकन्या इतिहासाचा धडा एकदा ऐकून घडाघडा सांगते, आणि तोच धडा वाचायला दिला की घामाघूम होते, हे शाळेत फक्त त्यांच्याच ध्यानात आलं होतं. त्यांनी धडे आपल्या आवाजात कॅसेटवर भरून दिले, शहरातून जीआर शोधून आणला, नंदाबाईला आणि काकासाहेबाला मुंबईचा रस्ता दाखवला. गावात मात्र काकासाहेबानं सांगितलं होतं, पोरीचे डोळे दाखवायला गेल्तो.

"मॅडम, सुट्टीच्या दिवशी?" दादा म्हणाले.

"सर, उद्या शेवटची तारीख आहे. फाईल परत आल्याचं शिपायानं सांगितलं."

"मंग कळलं न? संपलं."

"परत आल्याचं कळलं, सर. कारण कळलं न्हाई."

दादांनी चष्मा काढून पुसला. "कारण? अध्यक्षाची पोरगी, मुख्याध्यापकाची पुतणी, आन् सगळ्या शाळेत लेखनिक कोणाला? तर तिला. गाव म्हणल, बद्री मास्तरनं पुतणीचा पेपर लिहून घेतला. चौदा वर्षं झाली, माझ्या शाळेत कॉपीची एक चिठ्ठी सापडली न्हाई."

"लेखनिक तिच्यापेक्षा खालच्या वर्गातला असतो. वेगळी खोली, समोर पर्यवेक्षक, बोर्डाची लेखी परवानगी. ती बोलेल तेवढंच त्यानं लिहायचं. आन् सर, ही मेहरबानी न्हाई. ज्या लेकराकडं दाखला आहे त्याचा तो हक्क आहे."

"हे असले हुकूम मुंबई-पुण्यासाठी असतेत. हितं कोणी ऐकलाय?"

"कोणी ऐकला न्हाई म्हणून लागू न्हाई, असं त्यात कुठं लिहिलंय ते दाखवा."

काकासाहेबाला वाटलं, ह्या बाईला आपण अध्यक्ष करायला पाहिजे होतं. पण तो तोंडानं एवढंच म्हणाला, "चहा घेता का?"

तेवढ्यात आतून माय आली. गोजरबाईला ह्या दाखल्याचा पहिल्यापासून राग होता. "मास्तरीणबाई, पोरीच्या नावानं दवाखान्याचा कागद कशाला काढला? उद्या सोयरे इचारतील, पोरीला काय झाल्तं? काय म्हणतेत त्या आजाराला?"

"आजार न्हाई आजी. डिस्लेक्सिया."

"दिसलेक काय? चांगलं दिसतंय की तिला. फाट्यावरची एसटी हितून वळखते ती."

"दिसण्याचा प्रश्न न्हाई. अक्षर आन् आवाज ह्यांची जोडी लावायला तिच्या मेंदूला उशीर लागतो. अक्कल पुरी आहे. दुकानातला बंद पडलेला फवारणी पंप ती खोलून जोडते, तुम्हाला माहीत आहे."

"माय म्हणतेत ते बराबर हाय," सगुणाबाई वहिनी नवऱ्याच्या बाजूनं बोलल्या. "एका पोरीपायी ह्यांच्या शाळेचं नाव आन् घराचं नाव, दोन्ही कशाला घालवायचं?"

नंदाबाईनं डोईवरचा पदर सारखा केला. मोठ्या दिरासमोर ती आजवर कामापुरतंच बोलली होती. "दादा, नाव जायचं तर जाऊ द्या. नववीत पोरीनं वर्गात उभं राहून वाचलं तवा पोरं हसली, आन् ती तीन दिवस शाळेत गेली न्हाई. मी धुणं धुऊन राह्यले, आन् ती मला म्हणती, आई, मी ढ हाय तर मला शाळेत कशाला घालता. तवा कोणाचं नाव गेल्तं?"

दादांनी स्टुलावरची फाईल उचलली, दाखला काढला आणि त्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. "हे वाचा मॅडम. डॉक्टरांनीच लिहिलंय. 'कुटुंबात इतर कोणास वाचन-लेखनाची अडचण: नाही.' आमच्या घरात असलं काई नव्हतं कधी. हिच्या बापाला मराठीत अठ्ठ्याहत्तर मार्क होते. सारं गाव साक्षीला हाय."

काकासाहेब दादांकडे बघतच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर रेघ हलली नव्हती. त्याला वाटलं होतं, हे खोटं आपण दोघं मिळून ओढतोय. दादांनी ते कधीच खाली टाकलं होतं आणि त्यालाच खरं समजून त्याच्यावर बसले होते. आणि त्या ओळीतलं 'नाही' तर खुद्द काकासाहेबाचंच. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आपुलकीनं विचारलं होतं, मोकळेपणानं सांगा म्हणाल्या होत्या, आणि ह्या शहाण्यानं छाती काढून सांगितलं होतं, "बिलकुल न्हाई. आमच्याकडं सगळे शिकलेले." दीडशे कोसांवर, जिथं त्याला कुत्रं ओळखत नव्हतं, तिथंसुद्धा त्याला अब्रू सांभाळायची होती.

शिवकन्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मोठे बाबा, मॅडमवर रागवू नका," ती म्हणाली. "चूक माझीच हाय. आबांची पोर असून मला येत न्हाई. मी आबांसारखं व्हायचा लई प्रयत्न केला. अभ्यासाला बसताना आबांचा तो हारवाला फोटो समोर ठेवायचे मी. तरी न्हाई येत."

ज्या फोटोत काकासाहेबाची मान शरमेनं खाली होती, तो फोटो समोर ठेवून ही पोर स्वतःला ढ ठरवत होती. तो उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

"तो पेपर मी लिव्हलेला न्हाई," तो म्हणाला.

"कोणता पेपर?" मायनं विचारलं.

"मराठीचा. एक्क्याऐंशीचा. दादानं लिव्हला. माझ्या नावानं दादा बसला व्हता. मला वाचता येत न्हाई, माय. तवाबी येत नव्हतं, आताबी येत न्हाई. पोरीला जे हाय ते माझंच हाय. वारशात दुसरं काई द्यायच्या आधी हे देऊन बसलो."

आत गॅसवरची कढी उतू गेल्याचा वास आला, तरी कोणी उठलं नाही. शेवटी माय बोलली, आणि ती पोरांवर न चिडता आत मांडलेल्या महालक्ष्म्यांवरच चिडली.

"मंग मी तेवीस वर्षं सोळा भाज्या कशापायी करून राह्यले? तुझ्या मार्कांचा नवस हाय तो!"

"मार्क तर पडले न माय," सगुणाबाई हळूच म्हणाल्या. "तुमच्याच लेकाला पडले. कोणत्या लेकाला, तेवढंच चुकलं."

मग त्या नवऱ्याकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज बदलला. "लग्नाला एकोणीस वर्षं झाली. दर मार्चात तुमचं अन्न तुटतं, परीक्षा चालू हाय तोवर घरात कोणाशी धड बोलत न्हाई. मी म्हणायचे, माणूस कामाचा लई पक्का. हे हाय व्हय त्यातलं?"

दादांनी बराच वेळ चष्मा पुसला. "नोकरीला आठ महिने झाल्ते," ते कोणाकडेच न बघता म्हणाले. "बाबांनी पटका पायावर ठेवला. मागून पर्यवेक्षक चालला की वाटायचं, आता धरलं. त्या दिवसापासून वर्गात पोरानं नुसती मान वळवली तरी मी त्याला उठवतो. लेखनिक म्हणलं की मला दुसरं कोणी दिसत न्हाई, मीच दिसतो." मग ते सत्यशीला मॅडमकडे वळले. "मॅडम, तुम्ही ऐकलंय सगळं. तुम्हाला कुठं सांगायचं तर सांगा. मी न्हाई म्हणणार न्हाई."

"मी पोरीच्या कागदासाठी आले, सर." मॅडम म्हणाल्या. "एक सांगू? त्या दिवशी तुम्ही लिहिलं त्यात अध्यक्षसाहेब कुठंच नव्हते. डोकं तुमचं, भाषा तुमची. शिवकन्येच्या पेपरात हात दुसऱ्याचा असंल, पण डोकं तिचं असणार आहे. तुम्ही तिला कधी तोंडी विचारून बघितलंय का?"

दादांनी विचारलं नव्हतं. आता विचारलं. खुर्चीत सरळ बसून, मुख्याध्यापकाच्या आवाजात, त्यांनी मराठीच्या पुस्तकातला एक प्रश्न टाकला. शिवकन्या तांब्या हातात घेऊनच उत्तर देऊ लागली. आधी अडखळत, मग सलग. धड्यातल्या आईचं वागणं तिला का पटलं नाही, हे तिनं अशा बेतानं सांगितलं की दादा मधेच म्हणाले, "हे पुस्तकात न्हाई."

"न्हाई. मला वाटलं म्हणून सांगितलं," ती घाबरून म्हणाली.

"बरोबर हाय," दादा म्हणाले.

काकासाहेबानं मॅडमना विचारलं, "हे असलं एक्क्याऐंशीला असतं, तर मला मिळालं असतं का?"

"मिळायला पाहिजे होतं."

त्यानं मनात हिशोब बघितला. आपल्या डोक्यानं त्याला चाळीस-पंचेचाळीस पडले असते. चाळीस मार्कांच्या माणसाला गावानं हार घातला नसता, कोणी अध्यक्ष केलं नसतं, बिचारी काळ्या कागदांची पोरं निबंधात पहिली आली नसती. तो शांतपणे दुकानात बसून पंप विकत राहिला असता. आयुष्य किती सोपं झालं असतं, ह्या विचारानं त्याला स्वतःचीच दया आली आणि लगेच हसूही आलं.

"मी अध्यक्षपदाचा राजीनामा देतो," तो ताठ होऊन म्हणाला.

"राजीनामा लिहून द्यावा लागतो," नंदाबाई म्हणाली.

आधी सगुणाबाई हसल्या, मग शिवकन्या. माय "मेल्यांनो, देवी बसल्यात घरात" म्हणता म्हणता पदर तोंडाला लावून हसली. दादांनी नंदाबाईकडे खोडरबर मागितलं, पेन्सिलीची ओळ नीट खोडली, भुसा फुंकरला आणि सही केली. मग त्यांच्या ध्यानात आलं की शिक्का शाळेत आहे. ते तसेच उपाशीपोटी सायकलवर बसून गेले. त्या दिवशी महालक्ष्म्यांचा नैवेद्य झाला तरी पंगत पाऊण तास थांबली. सत्यशीला मॅडमना नंदाबाईनं हाताला धरून आपल्याशेजारी पाटावर बसवलं. मायनं एकदा तिकडे बघितलं, मग स्वतःच त्यांच्या पानात पुरणपोळी वाढून वर तुपाची धार धरली.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठायच्या होत्या. हळदीकुंकवाचा घोळ नंदाबाईला सुटणार नव्हता, मॅडमना शाळा होती. काकासाहेब शिवकन्येला घेऊन पहाटेच्या एसटीनं निघाला. औरंगाबादला बोर्डाच्या ऑफिसात बरीच लाईन होती. खिडकीतल्या कारकुनानं फाईल चाळली, शिक्का बघितला, "कागद बराबर आहेत," म्हणाला, आणि दोन पानी छापील फॉर्म पुढं सरकवला. "एवढा भरून द्या. परवानगीचं पत्र शाळेत येईल."

काकासाहेबानं फॉर्म हातात घेतला. बापानं लेकीकडे बघितलं, लेकीनं बापाकडे. घरातली जी दोन माणसं फॉर्म भरू शकत नाहीत, नेमकी तीच आज पाठवली गेली होती. त्याचा हात आपसूक खिशाकडे गेला. खिशात बोटाला गुंडाळायची चिंधी होती. परक्या ऑफिसात जाताना ती तो कायम बाळगी. बोट कापलंय, चष्मा घरी राहिला, घाई आहे, तुमचं अक्षर चांगलं आहे. सगळी अस्त्रं तयार होती. शिवकन्या त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती.

त्यानं हात खिशातून रिकामाच बाहेर काढला. घसा साफ केला. सभेत उभा राहतो तसा उभा राहिला, आणि जरा जास्तच मोठ्यानं, सगळ्या लाईनला ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, मला लिहिता-वाचता येत न्हाई. पोरीलाबी अडचण हाय. तुम्ही लिहून घ्या."

बोलून तो थांबला. आता भिंती हादरतील, पंखा बंद पडेल, माणसं माना वळवतील, असं त्याला वाटत होतं. तेवीस वर्षं ज्या वाक्याला तो भ्यायला होता, ज्याच्यापायी त्यानं इतकी खोटी बोटं कापली होती, ते वाक्य कारकुनानं मान वर न करता ऐकलं. त्यानं फॉर्म ओढून घेतला, पेनचं टोपण काढलं.

"मुलीचं नाव सांगा. आणि जरा लवकर, मागं लाईन आहे."